मऊ भात, भोपळा आणि पिटुकल्या कुत्र्यांची बिघडलेली पोटं : तुमचे अनुभव

पडवी
आज लेकाचं पोट बिघडलं म्हणून सकाळी मऊ भात लावला. झाकण काढलं आणि त्या वाफेसरशी आमचा कुत्रा टिप्या आठवला. जाऊन ११ वर्षं झाली त्याला. साडेचार किलोचा. घेतला पॉमेरेनियन म्हणून, पुढे कळलं की इंडियन स्पिट्झ. असो.

एका गणपतीत पाहुण्यांपैकी कुणीतरी लाडाने तळणीचे मोदक भरवले त्याला. किती, ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. रात्रीत दोनदा ओकला, पहाटेपासून पातळ. आजीला कुत्रं घरात खपायचं नाही, ती सोवळ्यात असली की त्याने मागच्या पायरीवर बसायचं. त्या दिवशी तीच उठली. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, मीठ नाही, तूप नाही. शितं बोटांनी चुरून चुरून खळीसारखी केली आणि निवल्यावर बशीत एक चमचा. एकच. तो बशी चाटून तोंडाकडे बघायला लागला तर म्हणते, "थांब रे मेल्या, आधीचं पोटात राहू दे." तासाने परत एक. मला वाटलं उपाशी मारतेय. संध्याकाळपर्यंत ओकला नाही तेव्हा गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी चिकन उकडायची परवानगी मिळाली, पण मागच्या चुलीवर आणि वेगळ्या पातेल्यात. ते पातेलं अजून आहे, 'टिप्याचं' म्हणूनच.

तुमच्याकडे काय लागू पडलं? लिहा.

चिमणचारा
भोपळा!!! लाल भोपळा. साल-बिया काढून वाफवायचा, काट्याने मोडायचा, बास. आमची पग साडेसात किलोची, तिला एका वेळी दोन चहाचे चमचे. सैल झालं तरी चालतो, खडा झाला तरी चालतो, त्यातला चोथा पाणी धरून ठेवतो म्हणे. गूळ घालून नाही हं, साधा.

कुडाळकर
पेज. विषय संपला.

बेसनलाडू
@कुडाळकर पेजेबरोबर सुका बांगडा पण का? :)

कुडाळकर
बांगडा माका. त्याका नुसती पेज. तो पेज सोडून बांगड्याकडेच बघता ही गोष्ट वेगळी.

न्यूजर्सीची_सून
इथे भोपळा डब्यातून मिळतो, मी एक डबा उघडला की बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा चमचा गोठवून ठेवते. फक्त डबा नीट वाचून घ्या. पाय फिलिंगचा, म्हणजे भोपळ्याच्या 'पाय' या गोड पदार्थाच्या सारणाचा डबा दिसायला तस्साच असतो, त्यात साखर आणि मसाले असतात. मी एकदा घाईत तोच आणला. नशीब, उघडल्यावर दालचिनीचा वास आला.

रंकाळाकाठ
आमच्याकडं उलटंच झालं. डॉक्टर म्हणाले उकडलेलं चिकन आणि भात द्या. मी ऑफिसात. सासरे म्हणाले पांढरा रस्सा साधाच असतोय की, तिखट नसतंय त्यात! वाटीभर दिला. कांदा लसूण सगळं त्यात. वर एक नळी दिली चघळायला. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवलेलं हाड चिरफळ्या होऊन आत टोचतं, हे त्या रात्री डॉक्टरांनी फोनवर ऐकवलं. सासरे शेजारीच बसलेले. नंतर आठ दिवस रस्सा केला नाही घरात, शोक म्हणून. कुत्रं ठणठणीत.

बेसनलाडू
शोक रश्श्याचा की नळीचा, हाहा

नेकारकाठची
मी जर्मनीत असते. इथे कुत्र्याचं पोट बिघडलं की शेजारीण पहिलं सांगते ते गाजराचं सूप. मोरो सूप म्हणतात. १९०८ च्या सुमारास अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने जुलाब होणाऱ्या बाळांसाठी काढलेलं. (बाळ दचकून हात फेकतं ना, तो मोरो रिफ्लेक्स, तोच हा मोरो.) ५०० ग्रॅम गाजर १ लिटर पाण्यात तास-दीड तास उकळायचं, वाटायचं, पाणी घालून परत १ लिटर करायचं, ३ ग्रॅम मीठ. इतका वेळ उकळण्यातच गोम आहे. गाजरातल्या पेक्टिनचे (विरघळणारा चोथा) बारीक तुकडे होतात आणि त्यामुळे जंतूंना आतड्याला चिकटता येत नाही, असं सांगतात. आमच्या डॅशहुंडने नाक मुरडलं, मग चिकनचं पाणी दोन चमचे घातलं. तिसऱ्या दिवशी शी बांधून झाली, रंग मात्र भगवा. घाबरू नका.

चिमणचारा
मीठ?? आम्ही तर अळणी म्हणतोय सगळे

नेकारकाठची
लिटरला अर्धा चमचा, त्यातलं आमचं ध्यान खाणार दोन डाव. जुलाबात क्षार जातात म्हणून. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर विचारून.

सदाशिवपेठी_बोका
दहीभात. कुणी बोललं कसं नाही? ताजं, गोड दही. फोडणी नाही.

मीनाक्षी७२
आमच्या ल्हासाला दह्याने वाढलं. दूध तर अजिबात नाही.
सविस्तर लिहिते नंतर, दूध उतू जातंय

अर्धीवाटी
लिहू की नको असं चाललं होतं. दोन महिन्यांचं पिल्लू, एकच लस झालेली. ओकतंय, पातळ होतंय, आम्ही दोन दिवस दहीभात आणि पेज करत बसलो. कुणीतरी म्हणालं दात येताना होतं असं. तिसऱ्या दिवशी रक्त, आणि तो वास. पार्व्हो होता, पिल्लांचा जीव घेणारा विषाणू. चार दिवस सलाइन लावलं. नाही वाचलं. भाताचा काही दोष नाही. फक्त तो भात देता देता दोन दिवस गेले.

पडवी
अर्धीवाटी, काय लिहू गं. नाव काय होतं त्याचं?

अर्धीवाटी
ठेवायचं होतं. सगळे पिल्लूच म्हणायचे.

मुक्काम_दवाखाना
मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, डॉक्टर नाही. आमच्याकडे येणारे निम्मे लोक "कालपर्यंत बरा होता" म्हणतात. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा, झटकन बसली नाही तर पाणी कमी पडलंय. हिरड्यांना बोट लावा, चिकट लागल्या तरी तेच. एवढ्याशा जिवात पाण्याचा साठा असतो कितीसा! तान्ह्या पिल्लाला उपास तर मुळीच नाही, साखर उतरून थरथरतं. रक्त, सारखी उलटी, पाणीसुद्धा टिकत नाही, मलूल पडलंय, तर भात बाजूला ठेवून उठायचं. आणि घरातल्या गोळ्या देऊ नका हो. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल दिलेली कुत्री बघितली आहेत मी.
बाकी पूर्ण वाढलेलं कुत्रं, एखाद-दुसऱ्या वेळचं पातळ, शेपूट हलतंय, तर दोन भाग भात एक भाग चिकन, थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा. बरं वाटलं की लगेच नेहमीच्या खाण्यावर उडी नको. तीन-चार दिवस घ्या.

रंकाळाकाठ
हे छापून सासऱ्यांच्या खोलीत लावतो

मीनाक्षी७२
आले. अर्धं दूध गेलं, शेगडी पुसून आले. तर आमचा ल्हासा. तो चिकन निवडून खायचा आणि भाताचं एकेक शीत मिशांतून गादीवर. शेवटी भात चिकनच्या पाण्यातच शिजवला आणि मिक्सरला फिरवला, तेव्हा निवडता येईना. मिशा धुवायला अर्धा तास. चिकन बिनकातडीचं घ्या, चरबीने परत बिघडतं.

सदाशिवपेठी_बोका
दह्याने आमचं कधीच बिघडलं नाही.

बेसनलाडू
बोक्याचं नाही हो, कुत्र्याचं विचारतायत

पडवी
हाहा. इकडची बातमी : लेकाने दोन घास खाल्ले आणि आता मोदक मागतोय. उरलेला भात मीच खाल्ला, लोणचं घेऊन.

चिमणचारा
अर्धा भोपळा उरलाय आमच्याकडे. घारग्यांना एक वाटी किसाला गूळ किती घेता गं?

मीनाक्षी७२
पाऊण वाटी. किस आणि गूळ शिजवून गार कर, मग मावेल तेवढीच कणीक. आणि पगला लांब बसव.