कानशीने बसवलेलं जुनं १९११ की कारखान्यातून आलेलं नवं?

ह्यूस्टनकर
गेल्या शनिवारी क्लबात दोन पिस्तुलं शेजारी ठेवून चालवली. दोन्ही १९११ जातीची, म्हणजे जॉन ब्राउनिंगने आखलेली आणि अमेरिकी लष्कराने त्या साली स्वीकारलेली पॉइंट पंचेचाळीसची. एक माझं, सत्तरीच्या दशकातलं कोल्ट, लुइझियानातल्या एका कारागिराने हाताने नव्याने बसवलेलं. दुसरं मित्राचं, गेल्याच वर्षी कारखान्यातून आलेलं. किंमत जवळपास सारखी.

मित्राचं पिस्तूल चांगलं आहे, पण माझ्या पिस्तुलाची सर त्याला नाही. त्या काळी नेमबाजीच्या जाड नळ्या सहज मिळत नसत. मग कारागीर नळीच्या मागच्या टोकाला वेल्डिंगचा थर द्यायचा आणि ती स्लाइडमध्ये, म्हणजे वरच्या सरकत्या भागात, जराही न हलता बसेपर्यंत कानस मारायचा. फ्रेमच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, कडा हातोडीने दाबायच्या, मग घासायची पेस्ट लावून स्लाइड तासन्‌तास पुढेमागे करायची. मुठीच्या पुढच्या बाजूला इंचात २० रेघा, उभ्या आणि आडव्या, सगळ्या हाताने. एक रेघ घसरली की फ्रेम गेली.

माझे वडील पिंपरीत टूलरूमला फिटर होते. खुणेचं निळं लावायचं, कुठे टेकतंय ते बघायचं, तेवढंच खरवडायचं, पुन्हा निळं लावायचं. हे बघत मी मोठा झालो. त्या पिस्तुलाची स्लाइड ओढली की मला तेच काम हाताला लागतं. नव्यात ते नाही, आणि तरी त्याच्या पेटीवर ‘कस्टम’ छापलेलं आहे, हे मला पटत नाही.

भोसरी_सीएनसी
दादा, वडिलांच्या कामाबद्दल पूर्ण आदर. मीही त्याच पट्ट्यातला. पण हा कारागीर मुळात दुरुस्त काय करत होता, ते बघा. दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुलं कोल्टने केली, इथाकाने केली आणि सगळ्यात जास्त रेमिंग्टन रँडने, म्हणजे टाइपरायटरवाल्यांनी. एकाचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसलाच पाहिजे, ही लष्कराची अट. म्हणून सगळीकडे फट ठेवलेली. नंतरच्या कोल्टमध्येही ती बरीचशी राहिली. तुमच्या माणसाने ती फट हाताने भरून काढली. आज फट ठेवायचीच नाही असं ठरवलं, तर यंत्र पहिल्याच नगापासून तसं कापतं आणि शंभरावा नगही तसाच निघतो. कारागिराचा शंभरावा नग त्या दिवशी त्याची तब्येत कशी होती त्यावर.

आणि तो माणूस गेला की त्याची मापंही गेली. उद्या एखादा भाग तुटला तर?

ह्यूस्टनकर
तुटला तर दुसरा कारागीर बसवेल, वेळ लागेल एवढंच. नव्यातल्या बारीक भागांचं काय? धातूची भुकटी चिकट द्रव्यात कालवून साच्यात दाबतात आणि भट्टीत भाजतात. भाजताना भाग चांगलाच आकसतो. सगळ्याच भागांना ते वाईट, असं मी म्हणत नाही. पण १९११ चा एक्स्ट्रॅक्टर, रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा, हा स्वतःच स्प्रिंगचं काम करतो. तो चांगल्या पोलादाच्या अखंड पट्टीतूनच कापलेला हवा.

न्यूजर्सी_बुल्सआय
एक्स्ट्रॅक्टरबद्दल ह्यूस्टनकरांशी सहमत, बाकी नाही. आमच्या बुल्सआय प्रकारात ५० यार्डांवरून, एका हाताने, सावकाश गोळ्या मारायच्या. त्या लक्ष्याचा दहाचा गोल ३.३६ इंचांचा. लेस बेअरसारखे छोटे कारखाने ५० यार्डांवर सगळ्या गोळ्या ३ इंचांत पडतील अशी हमी आज लेखी देतात. तिथे भाग यंत्रावर कापतात आणि शेवटी माणूस हाताने बसवतो. जुन्या कारागिरांपैकी जिम क्लार्क तर स्वतः राष्ट्रीय विजेते होते, त्यांचं काम उत्तमच. पण तेवढ्या वकुबाची माणसं तेव्हाही मोजकीच होती. बाकीच्यांनी काय केलंय, ते जुनी पिस्तुलं विकत घेणाऱ्यांना विचारा.

मिशिगनचा_काका
मला विचारा. दहा वर्षांपूर्वी असंच एक ‘हाताने केलेलं’ घेतलं. ट्रिगर लोण्यासारखा. दुसऱ्याच दिवशी भरलेली मॅगझिन लावून स्लाइड सोडली, आणि वर राहायचा तो घोडा (हॅमर) अर्ध्या वाटेतल्या अडकायच्या खाचेवर येऊन पडला. घोडा धरून ठेवणाऱ्या भागाचा वरचा कडक थर कोणीतरी ट्रिगर हलका करायच्या नादात घासून टाकला होता. ती खाच नसती तर काय झालं असतं, या विचाराने अजून हात थंड पडतात. मूळ कारागिराने घासला की मधल्या मालकाने, कळायला मार्ग नाही. वाईट कामही हातानेच होतं. जुनं घ्या, पण आधी जाणकाराकडून उघडून तपासून घ्या.

शिवाय सत्तरीच्या कोल्टमधलं ते बोटांसारख्या पाकळ्यांचं बुशिंग, म्हणजे नळीचं पुढचं टोक धरणारं कडं. पाकळी तुटली की पिस्तूल जाम. ह्यूस्टनकर, तुमच्यात ते बदललंय ना?

पंचवीस_मीटर
मी कोल्हापूरची, पॉइंट बावीसने खेळते. आमच्याकडे हा वादच नाही. पार्दिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, सगळी कारखान्याची. ट्रिगरला १००० ग्रॅमचं वजन टांगून तपासतात, त्याखाली सुटला तर चालत नाही. राही सरनोबत २०१८ च्या आशियाई खेळांत पालेंबांगला २५ मीटरमध्ये सुवर्ण जिंकली, तेही अशाच पिस्तुलांच्या स्पर्धेत. पण मूठ मात्र आम्ही स्वतः करतो. लाकडाची पुट्टी लावायची, हात दाबायचा, वाळली की पॉलिशपेपर. माझ्या मुठीला तीन वर्षं लागली आणि ती दुसऱ्या कोणाच्याच हातात बसत नाही. म्हणून मला वाटतं, पिस्तुलाचं पोलाद यंत्राचंच असावं. हाताने काम करायचं ते जिथे हात टेकतो तिथे.

ह्यूस्टनकर
ताई, हे आवडलं. पण माझ्यासाठी नळी स्लाइडला कुठे टेकते, हेही तेवढंच महत्त्वाचं. काका, बुशिंग अखंड आहे, त्याने पहिलं तेच बदललं. तुमचं वाचून ट्रिगर मात्र पुढच्या आठवड्यात तपासून घेतो, तोवर पिस्तूल पेटीतच.

भोसरीकर, वेल्डचा तो थर नळीवर अजून ओळखू येतो. तो घासताना कुठे थांबायचं, हे तुमच्या यंत्राने कसं ठरवलं असतं?

भोसरी_सीएनसी
थर द्यावाच लागला नसता. हल्ली नळी मागे मुद्दाम जास्त ठेवून कापतात, बसवणारा त्यातलं थोडंसंच काढतो. हो, तो शेवटचं निळं लावूनच बघतो, ते नाकारत नाही. फोटो टाका. पण नळी बाहेर काढून, मागच्या टोकाचा, उजेडात.