मर्लायनच्या जुन्या स्लाइड्स: वर्ष कसं ठरवायचं?

प्रश्न – जुनीफिल्म
सिंगापूरच्या मर्लायनच्या (सिंहाचं डोकं आणि माशाचं धड असलेला पुतळा) तीन रंगीत स्लाइड्स (चौकटीत बसवलेले फिल्मचे पारदर्शक तुकडे) आहेत, एकीवरही तारीख नाही. पहिलीत पुतळ्यासमोरून पूल गेलाय. दुसरीत तोंडातून पाण्याची धार नाही. तिसरीत मागे सारख्याच उंचीचे दोन मनोरे आहेत. यावरून वर्ष काढता येईल का?

नदीमुख
येईल, पण इमारतींच्या आधी पुतळा कुठे उभा आहे ते बघा. १९७२ मध्ये तो सिंगापूर नदीच्या मुखाशी बसवला. १९९७ मध्ये एस्प्लनेड पूल झाला आणि खाडीकडून बघणाऱ्याला पुतळा पुलाआड गेला. शेवटी २००२ मध्ये ८.६ मीटर उंच, ७० टनांचं ते धूड १२० मीटर सरकवून पुलाच्या खाडीकडच्या बाजूला आणलं. म्हणजे पुतळा आणि खाडी यांच्या मधे पूल असेल तर स्लाइड १९९७ ते २००२ मधली. पुलाचं काम अर्धवट दिसत असेल तर जरा आधीची. फुलर्टनच्या इमारतीवरून मात्र काही ठरवू नका, ती १९२८ पासून तिथेच आहे.

धारेचा पुरावा कच्चा. १९९८ मध्ये पंप बिघडला आणि पुतळा हलवेपर्यंत पाणी बंद होतं, हे खरं. पण देखभालीसाठीही धार बंद ठेवतात.

उंचमाथा
तिसऱ्या स्लाइडबद्दल. ओयूबी सेंटर (१९८६), यूओबी प्लाझा (१९९२) आणि रिपब्लिक प्लाझा (१९९५) हे तिन्ही २८० मीटरचे. विमानांसाठी घातलेली मर्यादाच तेवढी होती, म्हणून उंचीवरून ते ओळखू येत नाहीत, आकारावरून येतात. ओयूबी म्हणजे दोन त्रिकोणी खांब मधे फट ठेवून उभे केल्यासारखं. यूओबीचे चौकोनी थर एकमेकांवर तिरके फिरवलेले आहेत. रिपब्लिक प्लाझा वर निमुळता होत जातो.

इथे नेहमी होणारी चूक अशी: दोनच दिसले की लोक '१९९५ च्या आधीचा' म्हणून मोकळे होतात. दिसणारी इमारत 'याच्यानंतर' एवढं नक्की सांगते. न दिसणारी 'याच्याआधी' सांगते, पण ती त्या कोनातून दिसायलाच हवी होती हे आधी सिद्ध करावं लागतं. नकाशावर कॅमेऱ्याची जागा ठरवा आणि तिथून तिसऱ्या मनोऱ्यापर्यंत रेषा ओढा. रेषा दुसऱ्या मनोऱ्यातून किंवा फ्रेमबाहेरून जात असेल तर तो पुरावा बाद. शिवाय ही वर्षं इमारत पूर्ण झाल्याची आहेत, सांगाडा आणि क्रेन त्याच्या कितीतरी आधीपासून दिसतात.

भरतीओहोटी
पाण्याची पातळीही बघा, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. २००८ मध्ये मरीना बॅरेज हा बांध झाल्यावर खाडीतली भरती-ओहोटी थांबली. काठाच्या भिंतीवर ओहोटीने उघडा पडलेला ओला काळपट पट्टा दिसला तर फोटो त्याआधीचा. नदीत मालवाहू होड्यांची दाटी असेल तर १९८३ च्या पुढे जाऊच नका, त्या वर्षी त्या पासिर पांजांगला हलवल्या. मागे मरीना बे सँड्स हॉटेलचे तीन बुरूज पूर्ण दिसले तर २०१० किंवा नंतरचा.

हे सगळं करण्याआधी स्लाइड उलटी तर नाही ना, ते तपासा. मूळ स्लाइडची चकचकीत बाजू आपल्याकडे असताना चित्र सरळ दिसतं. उलटी स्कॅन झाली की नकाशावरच्या सगळ्या रेषा चुकतात. पाट्यांवरची अक्षरं वाचून खात्री होते. पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना-वर्षाचा पुसट ठसा असेल तर तो फिल्म धुतल्याचा (डेव्हलप केल्याचा) असतो, फोटो त्याच्या बराच आधीचाही असू शकतो.

तिसरी स्लाइड निदान ३००० पीपीआयला (दर इंचाला इतके पिक्सेल) स्कॅन करून दोन्ही मनोऱ्यांचे माथे इथे टाका.