रोबोटचे पाय: चालायला शिकवतात की नुसते चालवून आणतात?

उंटावरचा_शहाणा (धागाकर्ता)

परवा पुन्हा तसलाच एक व्हिडिओ पाहिला. कमरेखाली लुळा पडलेला माणूस अंगावर यंत्र चढवतो, मोटारी गुणगुणतात, तो उभा राहतो, भोवतालचे सगळे डोळे पुसतात. मीही पुसले. मग हिशेब मांडायला बसलो.

मणक्याच्या इजेनंतर असं एक्सोस्केलेटन घालून चालणाऱ्यांचा सरासरी वेग सेकंदाला पाव मीटरच्या आसपास भरतो. धडधाकट माणूस सव्वा मीटर जातो. २०१२ साली मणक्याला इजा झालेल्या क्लेअर लोमास यांनी 'रिवॉक' नावाचं असंच यंत्र घालून लंडन मॅरेथॉन पूर्ण केली, त्याला दोन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. त्याच वर्षी, त्याच शर्यतीत डेव्हिड वेअर यांनी व्हीलचेअरवरून ते अंतर दीड तासाहून जरा जास्त वेळात कापलं. (वेअर कसलेले खेळाडू आहेत, मान्य. तरी फरक बघा!)

शिवाय दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले. पाण्याचा पेला उचलून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. 'रिवॉक' ज्यांनी घडवलं ते अमित गोफर स्वतः ते वापरू शकत नव्हते, कारण अपघातात त्यांच्या हातांचीही ताकद गेली होती. पुढे त्यांनी उभं राहता येईल अशी चाकांची खुर्ची बनवली. शोधकच चाकांकडे वळला, यातच सगळं आलं. हे डोकं आणि हा पैसा चांगल्या व्हीलचेअर आणि रॅम्पवर का लागू नये?

फिजिओ_ताई

तुम्ही दोन गोष्टींची खिचडी केलीत. रोज वापरायचं यंत्र वेगळं, उपचारातलं यंत्र वेगळं. माझ्याकडे येणारे बहुतेक पक्षाघाताचे. त्यांना यंत्र घरी न्यायचंच नसतं. चालणं परत आलं की यंत्राचं काम संपलं.

नुकताच झटका आलेल्या माणसाला चालवायचं म्हणजे एकीने कमरेचा पट्टा धरायचा, दुसरीने खाली स्टुलावर बसून पाय उचलून पुढे ठेवायचा. वीस मिनिटांत पेशंटच्या आधी आमच्या कमरा जातात, आणि पावलं होतात मोजकीच. मेंदूला नवी वाट पाडायला तर तेच पाऊल शेकडो वेळा लागतं. कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या आढाव्यात निष्कर्ष असा आहे की नेहमीच्या फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिली, तर आधाराशिवाय चालू लागणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. खरा फायदा पहिल्या तीन महिन्यांतल्यांना आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांना.

आकडेमोड

ताई, तो 'नेहमीच्या उपचारासोबत' हा भाग जाहिरातीत गळून पडतो. ब्रिटनमधला रॅटल्स अभ्यास बघा, २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पक्षाघाताचे ७७० रुग्ण. काहींच्या हाताला रोबोटकडून व्यायाम, काहींना थेरपिस्टकडून तितकाच जादा वेळ, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. हाताची कामं करण्याच्या मुख्य कसोटीवर रोबोटवाले सरस ठरले नाहीत.

फिजिओ_ताई

वाचलाय. जादा वेळ थेरपिस्टने दिला त्यांचाही त्या कसोटीवर निकाल तसाच होता, तेही लिहा की! आणि ते टेबलाशी बसून हाताने चालवायचं यंत्र, अंगावर घालायचं नव्हे.

पण तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते. पायांच्या ट्रेडमिलवाल्या रोबोटचे २००८-०९ मधले दोन अभ्यास आहेत. थोडंफार चालता येणाऱ्यांवर केलेले. त्यात थेरपिस्टच्या हाताखाली शिकलेले पुढे गेले. कारण आम्हाला रोज दिसतं. यंत्र पाय उचलतंय म्हटल्यावर पेशंट अंग सैल सोडतो, गप्पा मारतो, भिंतीवरचं घड्याळ बघतो. मेंदू महा आळशी. म्हणून आता यंत्र गरजेपुरतीच मदत करेल असं लावतात. पाऊल अडलं तरच ढकलायचं. मदत किती ठेवायची हे ठरवायला मात्र अनुभवी डोळा लागतो. त्यामुळे माझी नोकरी शाबूत आहे.

बोल्टनट

यंत्रवाल्यांच्या वतीने दोन शब्द. साठच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने बनवलेल्या 'हार्डिमन' या अंगावर घालायच्या यंत्राचं वजन साधारण ६८० किलो होतं. आजची पायांची यंत्रं वीस-पंचवीस किलोंची. जपानचं 'हॅल' त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून स्नायूकडे निघालेला क्षीण विद्युतसंकेत टिपतं. म्हणजे माणसाने आधी 'उचल' म्हणायचं, मग मोटर हलते. ताईंच्या आळशी मेंदूवर हाच उतारा. शिवाय आता कापडी सूट आलेत. पार्किन्सनमध्ये चालता चालता पाय जमिनीला खिळतात ना, त्यावर कमरेशी बांधायच्या अशाच एका मऊ सूटचा प्रयोग २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. घरात चालताना पाय खिळणं थांबलं. रुग्ण एकच होता, पण दिशा कळते. पाव मीटरवरून सगळ्या क्षेत्राला निकालात काढू नका.

चाकांवरचा

इतका वेळ नुसता वाचत होतो. आठ वर्षांपूर्वी मणका मोडला, बेंबीखाली काही कळत नाही. उपचारकेंद्रात आठवड्यातून दोनदा यंत्रावर उभा राहतो.

ते घालण्याआधी हाडांची घनता तपासतात. वर्षानुवर्षं भार न पडल्याने पायाची हाडं ठिसूळ होतात, मोडली तरी मला कळायचं नाही. उतरवल्यावर टाचा आणि घोटे आरशात बघायचे, कुठे लाल झालंय का. हे त्या रडवणाऱ्या व्हिडिओत नसतं.

मग करतो कशाला? ज्या दिवशी उभा राहतो त्या रात्री पायांचा ताठरपणा कमी असतो, झोप लागते. पोट साफ होतं. हसू नका, आमच्याकडे हा मोठा विषय आहे. आणि समोरच्याच्या नजरेला नजर देऊन बोलता येतं. आठ वर्षं मी लोकांच्या पोटाशी बोलतोय. वेगाचं कुणाला पडलंय?

शहाणेसाहेब, रॅम्प की यंत्र ही झुंज तुम्ही लावलीत. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. दोन्ही हवं म्हटलं तर हावरे ठरतो का?

घाबरायचंच असेल तर दुरुस्तीला घाबरा. अमेरिकेत एकाचं यंत्र एका किरकोळ तारेपायी बंद पडलं. पाच वर्षांहून जुनं आहे म्हणून कंपनीने हात वर केले. बोभाटा झाल्यावर दुरुस्त करून दिलं.

उंटावरचा_शहाणा

'खेळणं' म्हणणारच होतो, बरं झालं नाही म्हटलं. पोटाचं आणि झोपेचं डोक्यात आलं नव्हतं. पण घरी वापरायच्या यंत्राबद्दल माझं मत अजून तेच आहे. समजा तुम्हाला ते कुणी फुकट दिलं, तर खुर्ची सोडाल?

चाकांवरचा

छे हो. यंत्रापर्यंत जाऊ कशावर?