लॉनमधली हुमणी: फोरेट नको, आधी माती उकरा
एका ताईंनी विचारलंय की लॉन जागोजागी पिवळं पडून गालिच्यासारखं हातात येतंय, तर फोरेट हे कीटकनाशक टाकू का? ताई, मुळीच नको. ते जहाल विष आहे आणि २०२० अखेरपासून देशात त्यावर बंदी आहे.

लक्षणं हुमणीची, म्हणजे गवताची मुळं खाणाऱ्या अळीची वाटतात. वीतभर माती उकरा. मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धचंद्रासारखी मुडपलेली अळी दिसली की खात्री झाली. आमच्याकडे बडोद्याला, मांजलपुरात, गेल्या भाद्रपदात फूटभर जागेत नऊ निघाल्या. त्या वेचल्या आणि बाकी लॉनला मेटारायझियम या अळी मारणाऱ्या बुरशीची पावडर कुजलेल्या शेणखतात कालवून दिली, तीही संध्याकाळी, ओल्या मातीवर. कडक ऊन या बुरशीला सोसत नाही. तीन आठवड्यांनी उकरलं तर अळ्या कडक झालेल्या आणि अंगावर हिरवट भुकटी! फार बरं वाटलं बघून.

कच्चं शेणखत मात्र घालू नका, त्याने हुमणी वाढते. पहिल्या पावसानंतर अंधार पडताच हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर, बोरीवर जमतात. फांद्या हलवा, पडतील ते साबणाच्या पाण्यात बुडवा. अंडी घालण्याआधीच निम्मं काम होतं.

लॉनला घालायला इथे एरंडीची पेंड, गुजरातीत दिवेली खोळ, सहज मिळते. पण घरात कुत्रा असेल तर ती नको, खाल्ली तर जिवावर बेतते. निंबोळी पेंड घाला.