‘मेट्रो टच’ म्हणजे नेमकं किती टच?

नागपुरात हिंगणा रोडनं येता-जाता फ्लेक्स दिसतात, ‘मेट्रो टच टू बीएचके’ वगैरे. ‘रोड टच’ समजतं, प्लॉटची एक बाजू रस्त्याला लागून. पण मेट्रोला टच म्हणजे काय, पिलरला की स्टेशनला? खरेदीखतातही असंच लिहितात का?

— खरेदीखतात ‘टच’ नसतं हो. तिथे चतुःसीमा लिहितात, पूर्वेस इतक्या मीटरचा रस्ता, दक्षिणेस अमुक नंबरचा प्लॉट, तेवढंच खरं धरायचं. टच हा ब्रोकर लोकांचा शब्द. त्यातही ‘डीपी रोड टच’ ऐकलं की आधी जागा पाहून या, कारण तो रस्ता विकास आराखड्यात असतो आणि जागेवर तुरीचं वावर असू शकतं. भाव मात्र नकाशावर रेघ पडली की वाढतो, डांबर येईल तेव्हा येईल.

— ‘मेट्रो टच’ला थोडा सरकारी आधार आहे. नागपूरच्या नियमात मेट्रो कॉरिडॉर म्हणजे मार्गाच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे ५०० मीटर. त्या पट्ट्यात प्लॉटचा आकार आणि समोरच्या रस्त्याची रुंदी बघून एफएसआय ४ पर्यंत, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळू शकतो, हेतू हा की लाइनजवळ जास्त लोक राहिले तर मेट्रोला प्रवासी मिळतील. पण मोजमाप लाइनपासून आहे आणि माणूस काही पिलरवरून चढत नाही. दोन स्टेशनांमध्ये किलोमीटर धरा, तुमची बिल्डिंग बरोबर मधोमध आणि लाइनपासून ५०० मीटर आत, तर स्टेशन सरळ रेषेतच ७०० मीटर झालं, गल्ल्यांनी वळत गेलात तर किलोमीटर, तेही मे महिन्यातल्या दुपारी. तिथला माणूस ॲक्टिव्हाच काढणार ना.

— अच्छा, म्हणूनच. स्टेशन किती लांब म्हणून ब्रोकरला विचारलं तर म्हणे सर, बाल्कनीतून मेट्रो दिसते. बरं एफएसआय म्हणजेच ते चटई क्षेत्र ना?

— नाही, तिथेच लोक फसतात. एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, त्यात भिंतीही आल्या. रेरात, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्यात, नुसतं ‘चटई क्षेत्र’ म्हणतात ते तुमच्या फ्लॅटचं कार्पेट, बाहेरच्या भिंती सोडून. चटई एकच, माप दोन.

— बाप्पा, तुमचं टच-टच चालू द्या, आमच्या बेसा-पिपळ्याकडे सगळं लेआउटच लेआउट, म्हणजे वावरात प्लॉट पाडून केलेली वस्ती. हा शब्दही नागपुरी अर्थानं बाहेरच्याले समजत नाही, पुण्याच्या पाहुण्याले म्हटलं आम्ही लेआउटमधे राहतो तर तो म्हणे नकाशात कसे काय राहता. आता होते काय, एकेका वावरात ज्यानं त्यानं आपापला लेआउट टाकला, आतला रस्ता त्याच्या मनाचा, याचा रस्ता जाऊन त्याच्या कंपाउंडले अडते, मग सिटी बस घुसन कुठून? बस नाही म्हणून घरोघरी दोन-दोन गाड्या, आन् गाड्या आहेत म्हणून बिल्डर आणखी चार किलोमीटर पुढे प्लॉट पाडून राहिले आन् ते विकूनही राहिले. आता त्याले ‘रिंग रोड टच’ म्हणतात, आउटर रिंग रोड बरं का, आतला नाही.