पोलोची मॅच नक्की बघायची कशी? (मदत हवी आहे)

परवा भाच्याच्या हट्टापायी महालक्ष्मी रेसकोर्सवर पोलोची मॅच पाहिली. मॅच सुरू व्हायच्या आधीच बोर्डावर एका टीमच्या नावापुढे २½ गोल! भाचा म्हणाला, "मामा, बोर्ड बिघडलाय." मीही मान डोलावली. मग निळ्यांनी गोल केला आणि लगेच निळेच उलट्या दिशेने धावायला लागले. आम्ही भलत्याच टीमसाठी टाळ्या पिटत बसलो. शिवाय सारखी शिट्टी वाजायची, ती कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही. जाणकारांनी उलगडून सांगावं. मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही असं धरूनच सांगा.

प्रतिसाद:
बोर्ड ठीक होता हो :)
प्रत्येक खेळाडूला उणे २ ते १० असा हँडिकॅप असतो. जितका तरबेज, तितका आकडा मोठा. चौघांची बेरीज तो टीमचा हँडिकॅप. समजा एक टीम १० ची, दुसरी ६ ची. फरक ४. मॅच चार चकरांची असेल (चक्कर म्हणजे साधारण सात मिनिटांचा डाव) तर ४ गुणिले ४, भागिले ६. उत्तर दोन आणि वर काहीतरी. ते वरचं कितीही असो, अर्धा गोल धरतात. झाले अडीच, कमी हँडिकॅपवाल्यांच्या खात्यात आधीच जमा. अर्धा गोल असला की बरोबरी होतच नाही, हे मला फार आवडतं.

प्रत्येक गोलनंतर बाजू बदलतात. वाऱ्याचा, उन्हाचा फायदा एकालाच नको.

आता शिट्टी. चेंडू ज्या रेषेत जातो ती रेषा म्हणजे रस्ता समजा. त्या रस्त्यावरून येणाऱ्याच्या आडवं घुसलात की फाउल. पूर्ण वेगातला घोडा काही जागच्या जागी थांबत नाही. स्टिकही उजव्याच हातात धरायची, डावखुऱ्यानेसुद्धा. नाहीतर समोरासमोर टक्कर व्हायची.

मूळ धागाकर्ता:
धन्यवाद! म्हणजे ते घोड्याला घोडा भिडवून ढकलत होते, ते? मी तेव्हाच "फाउल, फाउल" ओरडलो होतो. आणि घोड्यांच्या शेपट्या का बांधलेल्या?

प्रतिसाद:
शेजारी येऊन खांद्याने रेटणं चालतं, फक्त कोन फार तिरका नको. शेपटी बांधतात ती स्टिक अडकू नये म्हणून. पुढच्या वेळी मध्यंतरात प्रेक्षकांना मैदानात बोलावलं तर भाच्याला घेऊन उतरा. टापांनी उखडलेली ढेकळं पायाने दाबून बसवायची असतात. बूट मात्र जुने घाला.