सकाळी जुळवलेला स्वर दुपारी चढतो : ४०१०६ च्या ऑसिलेटरबाबत

प्रश्न (अमळनेर तालुका)

नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि गावाच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. उन्हाळी सुट्टीत नववीच्या चार मुलांकडून आवाज काढणारे एखादे साधे सर्किट (ऑसिलेटर) बांधून घ्यावे आणि पुढे त्यातूनच छोटा सिंथेसायझर उभा करावा, या विचाराने जळगावहून सुटे भाग आणले. सीडी ४०१०६ या आयसीच्या पिन १ आणि पिन २ यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर व १०० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) एकापुढे एक जोडले आहेत. पिन १ पासून ग्राउंडला ‘१०४’ छापलेला, तपकिरी चकतीसारखा सिरॅमिक कपॅसिटर आहे. पिन २ वरचा आवाज एलएम ३८६ च्या अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला दिला आहे.

आवाज पहिल्याच दिवशी निघाला. अडचण निराळीच आहे. सकाळी आठच्या सुमारास पेटीच्या काळी एकशी स्वर जुळवतो, आणि पॉटला कोणीही हात लावलेला नसताना दुपारी तीनपर्यंत तो थेट काळी दोनवर जाऊन बसतो. खोलीवर पत्रे आहेत आणि सध्या पारा ४३ च्या खाली येत नाही. नवी बॅटरी घालून पाहिली, आयसीही बदलून पाहिला, तरी स्वर चढतोच. दोष कशात असावा?

उत्तर (भुसावळ)

सर, आपली जोडणी बरोबर आहे आणि आयसीही निर्दोष दिसतो. माझा संशय त्या तपकिरी चकतीवर आहे.

या सर्किटमध्ये कपॅसिटर रेझिस्टरवाटे भरत जातो. त्यावरचा विद्युतदाब (व्होल्टेज) वरच्या मर्यादेला पोहोचला की आउटपुट शून्यावर येते, मग तोच कपॅसिटर त्याच वाटेने रिकामा होऊ लागतो आणि खालची मर्यादा गाठताच आउटपुट पुन्हा वर जाते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर या मर्यादा साधारण ५.३ आणि ३.५ व्होल्टच्या आसपास पडतात. त्या आयसीगणिक थोड्या बदलतात, म्हणून सूत्र अंदाजापुरतेच धरावे : वारंवारता म्हणजे सुमारे १.२ भागिले रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार. ‘१०४’ म्हणजे १० वर चार शून्ये, अर्थात १,००,००० पिकोफॅरड किंवा ०.१ मायक्रोफॅरड. आपली काळी एक सुमारे २७७ हर्ट्झची, तेव्हा पॉट ३३ किलोओहमच्या आसपास थांबलेला असावा. काळी दोन ३११ हर्ट्झची आहे. म्हणजे दुपारपर्यंत गुणाकार जवळजवळ ११ टक्क्यांनी घटतो. रेझिस्टर उन्हाने इतका बदलत नाही. स्वस्त सिरॅमिक चकतीची क्षमता मात्र उष्णतेने सहज तेवढी कमी होते, कारण तिच्यातला पदार्थ थोड्या जागेत जास्त क्षमता मिळावी एवढ्याचसाठी निवडलेला असतो.

खात्री करून घ्यावी. स्वर चालू ठेवून तापलेले सोल्डरिंग आयर्न त्या चकतीच्या अर्ध्या बोटावर धरा, टेकवू नका. मग तेच आयर्न रेझिस्टरजवळ आणि शेवटी आयसीजवळ न्या. ज्या भागापाशी स्वर पळेल, तो भाग बदला. बदली म्हणून हिरवा मायलर (प्लास्टिक फिल्मचा) कपॅसिटर, ‘१०४जे’ छापलेला, घ्यावा. शिवाय वापरात नसलेल्या पिन ३, ५, ९, ११ आणि १३ ग्राउंडला जोडल्या नसतील तर जोडाव्यात. त्या लोंबकळत ठेवल्या की आयसी उगाच चाळे करतो.

उत्तर (धुळे)

माझ्या मते नवशिक्या मुलांसाठी ५५५ हा टायमर आयसी अधिक योग्य आहे. त्याच्या मर्यादा आतल्या तीन समान रेझिस्टरांनी ठरतात, पुरवठ्याच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशा. त्यामुळे बॅटरी उतरली तरी स्वर फारसा हलत नाही. १९७१ मध्ये हान्स कामेनझिंड यांनी रचलेला हा आयसी आजही कुठल्याही दुकानात मिळतो.

उत्तर (भुसावळ)

बॅटरीबाबत आपले म्हणणे मान्य आहे. पण ५५५ ला तीच चकती लावली तर दुपारी तोही चढेल, कारण त्याच्याही सूत्रात कपॅसिटर आहेच. आणि ४०१०६ मध्ये सहा इन्व्हर्टर (इनपुट वर गेले की आउटपुट खाली आणणारे भाग) असल्याने एका आयसीत सहा ऑसिलेटर निघतात. सिंथेसायझरच बांधायचा तर मला हेच किफायतशीर वाटते.

उत्तर (नंदुरबार)

उष्णतेने स्वर सरकण्याचा त्रास मोठ्या यंत्रांनाही झाला आहे. १९७० चा मिनीमूग हा सिंथेसायझर त्यासाठी प्रसिद्धच होता. तिथे मुख्य कारण ट्रान्झिस्टर होते, आपल्याकडे कपॅसिटर आहे.

सर, पॉटबद्दल एक सुचवते. साधा लिनियर (फिरवण्याच्या प्रमाणातच रेझिस्टन्स बदलणारा) पॉट असेल तर पहिल्या अर्ध्या फिरवण्यात जेमतेम एक सप्तक मिळते आणि उरलेल्या अर्ध्यात अडीच सप्तके दाटीवाटीने बसतात, म्हणून वरच्या बाजूला मुलांना स्वर जुळवणे फार कठीण जाते. १०० किलोओहमच्या जोडीला ५ किलोओहमचा दुसरा पॉट ओळीत घातला की बारीक जुळवणी त्याने करता येते.

प्रश्नकर्ता (अमळनेर तालुका)

सर्वांचे आभार. भुसावळच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे आयर्न धरून पाहिले. रेझिस्टरजवळ काहीच झाले नाही, आयसीजवळ स्वर किंचित थरथरला, आणि चकतीजवळ नेताच तो भोंग्यासारखा वर चढत गेला. आयर्न काढल्यावर हळूहळू परत उतरला. मुलांनी हा खेळ दहा वेळा केला. हिरवा मायलर लावल्यापासून दुपारचा फरक पेटीशी ताडून पाहिला तरच कळतो. ताईंनी सुचवलेला ५ किलोओहमचा पॉटही बसवला.

काढलेली चकती मुलांनी फेकू दिली नाही. त्याच आयसीच्या दुसऱ्या इन्व्हर्टरवर तिचा वेगळा ऑसिलेटर केला, पण दोन्ही स्वर जवळ आले की एकमेकांना चिकटत आणि एकच होऊन बसत. म्हणून दुसरा आयसी घेतला आणि प्रत्येकाला बॅटरीपासून १०० ओहमच्या रेझिस्टरमधून पुरवठा देऊन शेजारी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. आता सकाळी साडेसातला दोघे एकसुरात लावतो. नऊच्या सुमारास दोन स्वरांतल्या फरकामुळे सेकंदाला तीन-चार आंदोलने (आवाजाचे लहानमोठे होणे) ऐकू येतात, दहानंतर ती मोजता येत नाहीत. एक मुलगा थर्मामीटर घेऊन शेजारी बसतो आणि दर पाव तासाने आंदोलने व तापमान वहीत लिहितो.